कोपऱ्यातला पाट

१

“तिच्यापरीस आपली बरी. बोलत न्हाई, पण घरात तर असती.”

इंद्रायणीच्या कानावर हे पडलं तेव्हा ती न्हाणीघरात होती, डोक्याला फेस, डोळे घट्ट मिटलेले. न्हाणीघराची जाळी मागच्या अंगणात उघडते आणि अंगणात हळू बोललेलंही आत स्वच्छ ऐकू येतं. प्रयागबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, एरवी हे विसरल्या नसत्या. पण आत नळ चालू असेल असा त्यांचा समज झाला असावा, आणि नळ तिनं नुकताच बंद केला होता.

“ते बी खरंच,” सासरे म्हणाले. धर्माजी, घरात सगळ्यांचे आण्णा, जास्त बोलणाऱ्यातले नव्हते. त्यांच्या चपला फटफटत कांद्याच्या वावराकडं गेल्या.

‘तिच्यापरीस’ मधली ती कोण, याबद्दल शंका नव्हती. मे महिन्यात लोणीच्या या घरात सून म्हणून आलेली, ऑगस्ट संपता संपता शिकायला आयर्लंडला गेलेली आणि नाताळच्या सुट्टीला काल संध्याकाळी दोन बॅगा घेऊन परतलेली बाई गावात एकच होती. प्रश्न होता तो ‘आपली’चा. गाय म्हणावी, तर गाय गोठ्यात असते. भांड्याला येणारी बाई म्हणावी, तर ती उंबरा ओलांडायच्या आधीच बोलायला लागते.

इंद्रायणीनं डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि ठरवलं, हे वहीत लिहायचं.

२

वहीची गोष्ट अशी. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या विद्यापीठात पहिल्याच आठवड्यात परदेशी मुलांना एका खोलीत बसवून, पुढं बिस्किटं ठेवून, एका शांत बाईनं समजावलं होतं. परक्या देशात माणूस हादरतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. एक वही करा. पानाच्या मधोमध रेघ ओढा. डावीकडं खटकलेली गोष्ट लिहा, उजवीकडं तिचं शक्य तेवढं साधं कारण. कारण सापडलं की निम्मं ओझं उतरतं.

इंद्रायणी जुन्नरच्या मास्तरांची मुलगी, सांगितलं तसं लिहीत गेली. डावीकडं: ‘धक्का मी मारते, सॉरी ते म्हणतात.’ उजवीकडं: ‘सवय.’ डावीकडं: ‘घरी ये म्हणतात, कधी ते सांगत नाहीत.’ उजवीकडं: ‘आपल्याकडं या एकदा जेवायला म्हणतात, तसंच.’ डावीकडं: ‘माझ्या फोडणीच्या धुरानं अलार्म वाजला. सगळं होस्टेल अर्धा तास पावसात. कुणी रागावलं नाही.’ याचं उजवीकडचं कारण दुसऱ्या दिवशी कळलं: ‘रागावतात, पण ईमेलवर.’

ऑक्टोबरात तिथल्या पाण्यानं केस मूठमूठ गळायला लागले, तेव्हा कमरेपर्यंतची वेणी तिनं मानेशी कापून टाकली. हे फक्त भरतला, नवऱ्याला, माहीत होतं. सासरी डोक्यावर पदर घ्यावा लागतो, ते एरवी तिला जाचायचं. या खेपेला सोयीचं पडलं.

शेवटच्या भेटीत त्या बाई म्हणाल्या होत्या, “आता घरी जाशील तेव्हा वही बरोबर ने. जाताना बसतो त्यापेक्षा परतताना बसणारा धक्का मोठा असतो. आपलंच घर वेगळं वाटायला लागतं.”

इंद्रायणीला ते त्यावेळी जरा जास्तच वाटलं होतं.

न्हाणं झाल्यावर तिनं नवीन पान काढलं. डावीकडं लिहिलं: ‘आपली बरी.’ उजवीकडची जागा कोरी सोडली.

३

त्याच दिवशी, रविवारी, प्रयागबाईंनी मासवडी केली, सुनेसाठी म्हणून. बेसनाच्या वड्या, खाली झणझणीत रस्सा. बाहेरच्या खोलीत चौघं जेवायला बसली. ताटं वाढली गेली ती पाच.

पाचवं ताट घेऊन प्रयागबाई स्वयंपाकघरात गेल्या. ओट्याच्या पलीकडं, पिठाच्या डब्यांशेजारी कोपऱ्यात एक पाट मांडलेला होता. ताट तिथं ठेवून, पदर सावरत त्या परत आल्या.

“कुणाचं हो आई, ते?”

“घरचंच. तू जेव, गार व्हतंय.”

“पावणीला वाढा अजून एक वडी,” धर्माजी म्हणाले. इंद्रायणीला समजायला क्षणभर लागला, की पावणी म्हणजे ती.

नैवेद्य, तिनं मनात उजवीकडं लिहिलं. पण नैवेद्याचं ताट कुणीतरी नंतर खातं, आणि ते खाताना दिसतं. जेवणं आटपल्यावर ती भांडी उचलायला आत गेली. पाचवं ताट आधीच मोरीत होतं, रस्सा भाकरीनं पुसून घेतलेला. ताटाच्या काठावर कढीपत्त्याची पानं एकाशेजारी एक अशी ओळीनं लावून ठेवली होती.

लहानपणापासून आई तिला यावरून बोलायची. कढीपत्ता नको असेल तर बाजूला टाक, ती काय रांगोळी काढायची जागा आहे? इंद्रायणीनं बाहेर येऊन स्वतःचं ताट पाहिलं. पाच पानं, काठावर, ओळीनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाहेरच्या खोलीत बॅगेतलं सामान लावत होती. प्रयागबाई अंगणात शेण काढत होत्या. दोघे पुरुष बाहेर गेलेले: सासरे वावरात, भरत रांजणगावला कंपनीत.

“इंद्रायणी, दूध बघ गं,” अंगणातून हाक आली.

“हो आई,” ती म्हणाली आणि उठायला हात टेकला.

आत बांगड्या किणकिणल्या. गॅसचं बटण कट्‌ करून बंद झालं.

ती अर्धवट उठलेली, तशीच राहिली. मग आत गेली. दूध पातेल्याच्या काठाशी येऊन थबकलं होतं, साय थरथरत होती. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. मागचं दार आतून लावलेलं. कोपऱ्यात पाट, पाटावर मूठभर तांदूळ, तांदळावर हळदीकुंकू लावलेली एक सुपारी.

इंद्रायणीनं स्वतःच्या मनगटाकडं पाहिलं. कॉर्कला प्रयोगशाळेत बांगड्या चालत नाहीत. तिचे हात मोकळे होते.

डावीकडं: ‘गॅस.’ उजवीकडं तिनं बराच विचार करून लिहिलं: ‘बटण सैल असेल.’ मग जाऊन बटण फिरवून पाहिलं. घट्ट होतं.

४

एकदा बघायचं ठरवलं की नजरेतून काही सुटत नाही. कपाटात तिची हळदीची हिरवी साडी होती. ती नेसली होती एकदाच, कडक, नव्याचा वास येणारी. आता ती धुऊन धुऊन मऊ झाली होती आणि पदराच्या टोकाला हळदीची बोटं पुसल्याचे डाग होते. घड्या तिच्याच पद्धतीच्या, लांबट. पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला चादर रोज सकाळी चुरगळलेली असायची. भरत अलीकडच्या काठावर झोपायचा, इंद्रायणी मध्ये. भिंतीकडं कुणीच नव्हतं.

तिनं फोनमधला दिवाळीचा फोटो काढून पाहिला. पाडव्याच्या दिवशी व्हिडिओ कॉल चालू असताना तिनं तो पडद्यावरून टिपला होता: सासूबाई हसतायत, भरत नव्या शर्टात, मागं स्वयंपाकघराचं दार उघडं. त्या दारातून एक पाठमोरी बाई दिसत होती, खाली बसलेली, हिरव्या साडीतली. तेव्हा तिला वाटलं होतं, शेजारच्या साळुबाई असतील, करंज्या लाटायला आल्या असतील.

साळुबाई साठीच्या आहेत आणि त्यांचा अंबाडा पांढरा आहे. फोटोतल्या बाईची काळी वेणी जमिनीला टेकत होती.

फोटो मोठा केला तर नुसते ठिपके झाले. ती बराच वेळ ते ठिपके बघत बसली. दिवाळीच्या दिवशी कॉर्कला पाऊस होता आणि तिनं खोलीत एकटीनं चिवडा खाल्ला होता. त्या दिवशी तिला सगळ्यात जास्त वाटत होतं, की आपण तिथं असायला हवं होतं.

आणि आता तिच्या लक्षात आलं की चार दिवसांत तिला कुणी काहीच विचारलं नव्हतं. तिथं थंडी किती, जेवणाचं काय करतेस, परत कधी जाणार. रडतील, राहा म्हणतील, त्याला काय उत्तर द्यायचं, याची तयारी तिनं विमानात केली होती. ती तयारी वायाच गेली. सहा जानेवारीचं तिकीट होतं, आणि तिच्या जाण्यानं इथं कुणाचं काही रिकामं होणार नव्हतं.

पुढच्या नवरात्रात शिक्षण संपवून आपण दारात उभ्या राहू, आणि ही माणसं पाण्याचा तांब्या देऊन विचारतील, पावणं कुठलं? हे वाक्य तिनं वहीत लिहिलं नाही.

५

बुधवारी भरतनं सुट्टी काढली होती. गुरुवारच्या पूजेचं सामान आणायला दोघं मोटारसायकलवर मंचरला निघाली. गाडीवर नवऱ्याचं तोंड पुढं असतं, त्यामुळं काही गोष्टी तिथंच विचाराव्यात.

“पाटावर सुपारी कशाची आहे?”

भरत उसाच्या दोन फडांमधून गाडी काढत होता. ‘बिबट्यापासून सावध’ ही पाटी मागं टाकल्यावर त्यानं सांगितलं.

“कोजागिरीला नव्या कांदाचाळीची सत्यनारायणाची पूजा घातली ना. जोडीनं बसावं लागतं. तू नव्हतीस, म्हणून भटजींनी तुझ्या जागी सुपारी लावली. लावतातच की सगळीकडं.”

“लावतात. मग पूजा झाल्यावर?”

“संध्याकाळच्या आत अक्षता वाहून हलवा म्हणले व्हते. जागेवरनं हलवली की झालं.”

“मग हलवली नाही?”

“आई म्हणली, राहू द्या पोरगी येईस्तोवर. तिला बाया लई बोलायच्या गं. सून आणली का पावणी, पोराचं लगीन झालंय का नुसतं फोटो काढलेत. ती एकटी पडली. मग तिनं पाट आत नेला. दोन घास ठेवायला लागली. आमी हसायचो पहिल्यांदा. आण्णा म्हणायचे, सुनबाईला मीठ विचार.”

“मग?”

“मग काय. सवय झाली.”

“भरत, आता तिथं नुसती सुपारीच आहे ना?”

त्यानं गिअर बदलला, बदलायची गरज नसताना.

“मी जात न्हाई जास्त स्वयंपाकघरात,” तो म्हणाला.

“आणि भिंतीकडची जागा कुणासाठी सोडतोस?”

पुढं गतिरोधक होता. गाडी उडाली, तिचा हात त्याच्या खांद्यावर घट्ट बसला. खांदा थंडगार होता. मंचरच्या बाजारात नारळ हलवून बघताना तो अचानक म्हणाला, “इंदू, तू जाऊ नको असं न्हाई मी म्हणणार. तू जा. शिक. पण मला कधी कधी आठवत न्हाई, तू गेलीयस ते.”

त्याचे डोळे भरले होते. इंद्रायणीनं त्याच्या हातातला नारळ घेतला, कानाशी धरून हलवला, पाणी बरंय म्हणाली आणि पिशवीत टाकला. घरी गेल्यावर तिनं सगळ्या कोऱ्या जागांसाठी मिळून उजवीकडं एकच ओळ लिहिली: ‘हलवायची राहिली.’

हे कारण साधं नव्हतं. पण सगळ्या डाव्या बाजूला पुरत होतं.

६

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. घट मांडलेला, पुरणाचा वास. पाच सुवासिनींना कुंकू लावून फळ द्यायचं होतं. चारच्या सुमाराला बाया आल्या: साळुबाई, त्यांची सून आरती, आणि वरच्या आळीच्या दोघी जावा. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून चौघी बसल्या. धर्माजी आणि भरत ओसरीवर होते.

“चार जाल्या,” प्रयागबाई म्हणाल्या. “पाचवी घरातली हाय.”

इंद्रायणी पदर सारखा करून पाचव्या जागी, आरतीशेजारी बसली. आरती हसून थोडी सरकली.

प्रयागबाईंनी साळुबाईंपासून सुरुवात केली. हळद, कुंकू, ओटीत केळी. मग दुसरी, तिसरी. आरतीला लावलं. इंद्रायणीनं कपाळ पुढं केलं. प्रयागबाईंची करंडा धरलेली बोटं तिच्या समोरून गेली, पुढं स्वयंपाकघराच्या दाराकडं. त्यांनी तिला टाळलं नव्हतं. रिकाम्या भिंतीपुढून माणूस जातं, तशा त्या गेल्या.

आतून त्यांचा आवाज आला, मायेचा, गेल्या पाच दिवसांत इंद्रायणीनं न ऐकलेला. “वर कर बाय तोंड. हां.”

बाहेर एकीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. वरच्या आळीच्या जावा केळ्यांच्या भावावर बोलत होत्या.

“साळुबाई,” इंद्रायणी म्हणाली, “मला कुंकू लावायचं राहिलं.”

साळुबाईंनी डोळे बारीक करून तिच्याकडं पाहिलं, लांबून ओळख पटवावी तसं. मग चेहरा मोकळा झाला.

“तुजं झालं की गं आत्ता. आत.”

इंद्रायणी जवळजवळ चार महिने एका ओल्या, परक्या गावात एकटीनं उभी राहिली होती. रोज सकाळी दार उघडायला नको वाटायचं, आणि तरी ते उघडावं लागायचं. घटापुढच्या ताटलीतल्या चिमूटभर अक्षता घेऊन ती उठली.

७

दारात प्रयागबाई भेटल्या, करंडा घेऊन बाहेर येत होत्या. इंद्रायणी अंग चोरून आत गेली.

स्वयंपाकघरात दुपारचं ऊन मागच्या खिडकीतून फरशीवर पडलं होतं. पाट, तांदूळ, सुपारी. सुपारीवर ताजं कुंकू, पुढं दोन केळी. बाकी काही नाही. ती दोन पावलं पुढं गेली आणि नजर सहज मांडणीवरच्या डब्यांवर पडली. स्टीलचे डबे, प्रयागबाईंनी सणासाठी चिंचेनं लख्ख घासलेले. प्रत्येक डब्यात इंद्रायणी उभी होती, लहान, वाकडी, निळ्या साडीत. आणि प्रत्येक डब्यात तिच्या पायाशी, पाटावर, हिरवं काहीतरी बसलेलं होतं. गुडघे जवळ घेतलेले. पाठीवरून उतरलेली लांब वेणी.

तिनं खाली पाहिलं नाही. डब्यांकडंच बघत राहिली. डब्यातलं ते डोकं हळूहळू वर व्हायला लागलं, मघाशी कुंकवासाठी झालं असेल तसं.

तोंड दिसायच्या आत इंद्रायणी खाली बसली. तिनं अक्षता वाहिल्या. सुपारी दोन बोटांत धरली. सुपारी कोमट होती, आणि जागची हलेना, तांदळात रुजल्यासारखी.

“तू पुष्कळ केलंस,” ती पुटपुटली. “ऊठ आता.”

आणि हलवली.

बांगड्या वाजल्या, अगदी कानाशी. कुणीतरी उठताना गुडघ्यावर हात टेकतं तेवढा वेळ गेला. मग मानेमागं, कापलेल्या केसांच्या खाली, पाठीवर क्षणभर वेणीचं वजन आलं. ते जुनं, ओळखीचं, जड वजन. तिला मागं वळून बघावंसं वाटलं, आणि त्याहून जास्त वाटलं, की हे वजन असू द्यावं, इथंच बसून राहावं. पाट मऊ आहे, ताट येईल, बोलावं लागणार नाही. त्या शांत बाई म्हणाल्या होत्या, घर वेगळं वाटेल. घर आपल्याला असं आत ओढेल, हे त्यांना ठाऊक नसावं.

ती उठून उभी राहिली. वजन निसटलं. मागच्या दाराची कडी, आतून लावलेली, एकदा खडखडली आणि थांबली. डब्यांमध्ये आता निळी साडी होती, एकटी.

सुपारी मुठीत घेऊन ती बाहेर आली. बाया बोलायच्या थांबल्या. ओसरीवरून धर्माजी आणि भरत दारात आले होते, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. प्रयागबाई करंडा धरून खोलीच्या मधोमध उभ्या होत्या आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर घाबरलेपण होतं, पोर बाजारात हरवलेल्या बाईचं.

“आत कुणी न्हाई,” त्या म्हणाल्या. “घर लई मोकळं मोकळं झालं गं.”

“हो आई.”

आवाजाच्या दिशेनं त्यांनी मान वळवली. मग पहिल्यांदा, पाच दिवसांत पहिल्यांदा, त्यांनी तिच्याकडं पाहिलं. इंद्रायणीनं डोक्यावरचा पदर खाली घेतला. मानेशी कापलेले केस सगळ्यांना दिसले. आरतीनं तोंडावर हात ठेवला. प्रयागबाईंच्या डोळ्यांत पाणी तरारलं आणि ओठ हलले, बहुतेक केसांबद्दलच काहीतरी बोलणार होत्या, चांगलं खरमरीत. इंद्रायणीला ते ऐकायला फार आवडलं असतं. पण आधी तिचं बोलणं व्हायला हवं होतं. तिनं सुपारी त्यांच्या तळहातावर ठेवली, त्यांची बोटं मिटली, आणि आळीच्या जावांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली,

“आई, मी सहा तारखेला जाणार आहे आणि नवरात्रात परत येणार आहे. तुम्हाला माझ्यावाचून करमणार नाही, मला तिथं तुमच्यावाचून करमत नाही. तरी तोवर माझी जागा रिकामीच राहू द्या. तिथं कुणाला बसवू नका.”